काडेपेटीतल्या तारा

मुस्तकीमने काडेपेटी माझ्या टेबलावर ठेवली.
गिन लो, म्हणाला.
तेवीस तारा.
शर्टातून उपटलेल्या सतरा,
चार हातमोज्यातल्या,
एक पट्ट्याच्या बकलामागची,
आणि एक, टोकाला काळसर,
ती कुठून काढली ते सांगितलं नाही त्याने,
नुसती डाव्या मनगटावरची पट्टी बाहीत सारली.

दारूखान्यात एक बार्ज ओढून ठेवलीय,
तिचं पोट खरवडायचं काम त्याच्याकडे.
ब्रश माझा.
पंचाहत्तरचा कप, अर्ध्या मिलिमीटरची तार,
अठरा गाठी, चौदाचा आटा.
खैरानी रोडच्या गाळ्यात, वरच्या माळ्यावर,
प्रेसच्या धक्क्याने चहा कपाबाहेर येतो
त्या टेबलावर काढलेला.

मी म्हणाले, तू दाबतोस.
विसूभाऊंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मला,
तार टोकाने काम करते, पोटाने नाही;
दाबलीस की ती झोपते, झोपली की तुटते.
मुस्तकीम हसला नाही.
मैं नहीं दाबता, ठेकेदार दाबता है,
एवढं बोलून जिना उतरून गेला.

रात्री भिंग लावून बसले.
टोकं झिजून मोडली असती
तर तुकडे निघाले असते बारीकसारीक, कुठल्याही मापाचे.
हे सगळे बावीस मिलिमीटर.
बावीस, बावीस, साडेएकवीस, बावीस.
इतकं एकमत
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा
पाहिलं नाही मी कधी.

हाताने तार तोडायची तर काय करतो आपण?
वाकव, सरळ कर, वाकव,
तिथंच, पुन्हा तिथंच.
थांबलेला ब्रश गरीब असतो,
डोकं खाली घालून बसलेला.
मिनिटाला अकरा हजार फेरे घेताना फुलतो,
छत्रीसारखा उघडतो,
प्रत्येक तार बाहेर झुकून
कपाच्या कडेवर मान टेकते.
आणि कड मी काढलेली.

ड्रॉइंग उघडलं.
दोन रेषा जिथं भेटतात
तिथं मी काहीच लिहिलं नव्हतं.
गोलाई किती, रिकामं.
रिकामं म्हणजे धार, हे डाय बनवणाऱ्याला ठाऊक,
त्याने प्रामाणिकपणे धार दिली.

कड आत वळवायची, दीड मिलिमीटरची गोलाई.
नगामागे साठ पैसे.
नागदेवीचे छेडाशेठ
ब्रश तळहातावर फिरवत म्हणाले,
गिऱ्हाईक चकाकी बघतो, बेन,
कड कोण बघतो?
मी त्यांच्या काउंटरवर काडेपेटी उलटी केली.
त्यांनी एक तार उचलली, बोटाला टोचून पाहिली,
आणि उरलेल्या
हिशेबाच्या वहीवरून फुंकून टाकल्या.
तीस पैसे, म्हणाले.

मंगळवारी मी दारूखान्यात गेले,
तोंडावर काच, केस ओढणीत घट्ट बांधून.
चिखलात तेलाचे रंग,
बार्ज एका कुशीवर कललेली.
मुस्तकीमने ग्राइंडर चालू केला,
नुसता हवेत, मोजून एक मिनिट,
कोणी शिकवलं नसताना
ब्रशच्या रेषेतून बाजूला उभा राहून.
मग टेकवला, हलकेच,
जसं गरम तव्यावर बोट.

गंज उडाला, विटकरी, मग करडा,
आणि त्याखालून वर आला
वेल्डिंगने काढलेला एक आकडा,
पाणी कुठवर चढलं ते सांगणारा.
सहा.
कोणाच्या तरी हाताचा, थोडा डावीकडे झुकलेला,
कित्येक वर्षं कुणी न वाचलेला.
मुस्तकीमने त्याच्या पोटातली गोल जागाही साफ केली,
ठेकेदाराने सांगितली नव्हती तरी.

संध्याकाळी शर्ट झटकून
त्याने काडेपेटी पुढे केली.
पाच.
चार आखूड, टोकाच्या,
जशा तुटाव्यात तशा.
पाचवी मी तिथंच पट्टीवर धरली,
खाडीकडून येणाऱ्या तिरक्या उजेडात,
दोनदा मोजली.

बावीस.

अजून कुठंतरी धार आहे.